प्रश्न क्रमांक 38

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जूनमधल्या एका सकाळी दुकानात आलेल्या एका मुलाने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली. "काका, 60 प्रती, पाठपोट, स्पायरलसकट. कितीला बसेल?"

पान 50 पैसे धरलं तर 160 पानांचे 80, स्पायरलचे 25. एकूण 6300. बोहनीलाच एवढं काम कोण सोडतं? समास तपासायला फाइल उघडली, पानं सरकवली आणि 112व्या पानावर हात थांबला.

सराव प्रश्न 37, त्याखाली छापलेला 39. मधल्या फटीत बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात पेनाने लिहिलेला 38वा प्रश्न.

हे पुस्तक मीच टाइप केलं होतं. एका निवृत्त शिक्षकांनी पदरमोड करून काढलेलं मराठी व्याकरण. तो प्रश्न माझ्याकडून गळला, प्रुफातही निसटला. छापून आल्यावर सर एका शब्दाने बोलले नाहीत. तीन दिवस माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी 500 प्रतींत तो प्रश्न हाताने लिहिला. त्यातलीच एक कुणीतरी स्कॅन करून टेलिग्रामवर टाकली होती.

"हे मी छापणार नाही," मी म्हणालो.

"झेरॉक्सवाले तुम्ही, आणि तुम्हीच असं म्हणता?"

वर्मी लागलं. पण अभ्यासापुरती चार पानं काढायला कायद्याची ना नाही. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 साली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठीचे संचही चालतील म्हटलं. तसे संच मी आनंदाने काढतो. हा मात्र अख्खं पुस्तक 130 रुपयांना विकणार होता, पोरांकडून पैसेही घेऊन बसला होता. लेखकाचा हक्क त्याच्या पश्चात 60 वर्षं राहतो. सर तर इंदिरानगरला राहतात, रोज फिरायला जातात.

"पण मिळतच नाही हो कुठे. मेनरोड, अशोक स्तंभ, सगळीकडे विचारलं."

हे मात्र खरं होतं. सरांना वितरक मिळाला नाही. दोनशेच्या वर प्रती त्यांच्या दिवाणात पडून आहेत, आणि 180 रुपये देऊ शकणारी पोरं त्या शोधत फिरताहेत. मला त्या मुलाचा राग धरवेना.

सरांना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"स्कॅनमध्ये 38वा प्रश्न नीट वाचता येतोय का?"

"येतोय, सर."

"मग त्या मुलाला फोन द्या."

मुलाने फोन कानाला लावला, दोनदा "हो सर" म्हणाला आणि पत्ता लिहायला माझ्याकडे रद्दीतला कागद मागितला.