लास्कोच्या बैलावरचे सहा ठिपके

लास्कोच्या प्राचीन गुहाचित्रांतल्या एका बैलाच्या खांद्याच्या थोडं वर सहा ठिपके आहेत. ताईने माझा हात दाबला, "अगं, कृत्तिका!" तेवढ्यात गाईड पुढच्या घोड्यांकडे वळली. म्हणून पहिलंच सांगते, बैलांच्या दालनात शिरताच गाईडला हे ठिपके विचारून घ्या. फ्रेंच फेरीत आम्हाला अर्धंच कळलं. तिकीट काढतानाच इंग्रजी फेरीची वेळ निवडा.

फ्रान्समधल्या मोंतिन्याक गावाजवळची मूळ गुहा १९४० साली चार मुलांना सापडली. माणसांच्या श्वासाने चित्रं बिघडायला लागली, म्हणून १९६३ मध्ये ती बंद झाली. आपण बघतो ती २०१६ साली उघडलेली प्रतिकृती, लास्को-४. प्रतिकृती म्हणून टाळू नका. पाच मीटरहून लांब बैल डोक्यावरून धावतो तेव्हा ती शंका उरत नाही. आत गारठा असतो, स्वेटर ठेवा.

चित्रं साधारण १७ हजार वर्षांपूर्वीची. जर्मन संशोधक मिखाएल रापेनग्ल्युक यांच्या मते खांद्यावरचे ठिपके म्हणजे कृत्तिका, आणि बैलाच्या डोळ्याशी रोहिणी. आपल्याकडेही कार्तिकेयाच्या माता सहाच, त्यामुळे आम्ही दोघी तिथेच विरघळलो. शिवाय परांचनाचा, म्हणजे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सुमारे २६ हजार वर्षांत एक चक्कर मारतो त्याचा, हिशेब केला तर त्या काळी शरद संपात (शरदात दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो ती जागा) कृत्तिकांच्या आसपास येतो. 'कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत' या शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या वाक्यावरून ज्योतिषाचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्या ग्रंथाचा काळ काढला होता. तेव्हा तिथे वसंत संपात होता; लास्कोचा काळ म्हणजे जवळजवळ अर्धं चक्र मागे.

तरी मी हे सिद्ध झालं असं म्हणणार नाही. ठिपके लास्कोत इतर प्राण्यांजवळही आहेत आणि बरेच पुरातत्त्वज्ञ ही मांडणी मानत नाहीत. मला सगळ्यात अडवतो तो आपलाच रोहिणीशकट. त्याच ताऱ्यांत आपल्या पूर्वजांना गाडा दिसला. बैल, म्हणजे वृषभ, तर राशींबरोबर नंतर आला. मग लास्कोच्या चित्रकाराला बैलच दिसला असेल, हे कशावरून? पण त्याने आकाश पाहिलंच नसेल, हे मात्र मला पटत नाही.

विहिरीसारख्या खड्ड्यातलं प्रसिद्ध चित्र, म्हणजे पक्ष्याच्या तोंडाचा माणूस, बैलासारखा गवा आणि काठीवरचा पक्षी, फेरीनंतरच्या मोठ्या दालनात आहे. काहींना त्यात अभिजित, श्रवण आणि हंस या ताऱ्यांचा त्रिकोण दिसतो. मला दिसला नाही, पण तिथे अर्धा तास तरी राखून ठेवा.

मूळ रंग बघायचे असतील तर ले-झेझी गावाजवळची फाँ-द-गोम गुहा गाठा. रोज मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून आधी नोंदणी करा. बसगाड्या फार कमी आहेत. बोर्दोहून भाड्याची गाडी घेतलेली बरी.

आणि जायचं तर ऑक्टोबरच्या मध्यात, अमावास्येच्या आसपास. मे महिन्यात कृत्तिका सूर्याच्या उजेडात हरवलेल्या असतात. आम्ही साडेदहाला वेझेर नदीच्या काठी, दिव्यांपासून दूर उभ्या राहिलो. पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या, खाली तांबूस रोहिणी. इतक्या हजार वर्षांत रोहिणी इतर ताऱ्यांच्या तुलनेत फार तर अंशभर सरकली असेल. ताई बोटावर तारे मोजत होती. सहा झाले.