दोन रेघा

पुतणीने बी. ए.ला मानसशास्त्र घेतले तेव्हापासून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्यासमोर बोलताना लोक जरा सावध असतात. पारावरच्या एका म्हाताऱ्याने तर तिला थांबवून, "माय, माह्या मनात काय चालू हाये ते सांग बरं," असे विचारले, आणि ती नुसतीच हसून पुढे गेली तेव्हा एवढे पैसे घालून पोरगी शिकली तरी काय, ही शंका त्याने माझ्यापाशी बोलून दाखवली. आता तिला एम. ए. करायचे आहे, आणि ते निव्वळ मानसशास्त्रात करावे की समुपदेशन मानसशास्त्रात, हा प्रश्न ऐन सोयाबीनच्या पेरणीत आमच्या ओसरीवर येऊन बसला आहे.

दोन्ही माहितीपत्रके मी वाचली. एकात संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, प्रयोग आणि मानसिक चाचण्या यांवर भर आहे. दुसऱ्यात यातले थोडे ठेवून ऐकण्याची कौशल्ये, व्यवसायाची नीती आणि जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांशी बोलण्याचे तास आहेत. नुसत्या एम. ए.ने मात्र दोन्हींपैकी कोणीही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढचे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी लागते. घरी राहून, शेतीकडे बघत शिकावे म्हटले, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 पासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशच थांबवले आहेत. म्हणजे अमरावती किंवा नागपूर आणि खोलीभाडे हे ठरलेलेच.

तिचा कल समुपदेशनाकडे आहे आणि त्याचे निम्मे कारण, माझ्या मते, संख्याशास्त्राची भीती हे आहे. उरलेले निम्मे कारण, म्हणजे माणसांचे ऐकून घेण्याची ओढ, मला आवडते. 'समुपदेशन' हा शब्द मात्र फसवा आहे: त्याच्या पोटात 'उपदेश' बसला आहे, आणि उपदेश न करणे हेच तर त्या कामाचे पहिले पथ्य. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात सल्ला देण्यापेक्षा समोरच्याला स्वतःची वाट सापडू देण्यावर भर दिला. आमच्या गावात हे पथ्य पाळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यात मीही आलोच.

दुसऱ्या वर्षाला असताना तिने प्रात्यक्षिकाची एक पाटी घरी आणली होती. म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकाने 1889 साली मांडलेल्या भ्रमाची ती पाटी: सारख्याच लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांचे बाणासारखे फाटे आत, रेघेकडे वळलेले, दुसरीच्या टोकांचे बाहेर पसरलेले. आजीला दुसरी रेघ मोठी दिसली. पट्टी लावून दोन्ही सारख्या असल्याचे दाखवले, तरी आजी म्हणाली, "सारख्या असतीन माय, पन मले तर मोठीच दिसते." पुतणीने ते हसत वहीत टिपून घेतले, मी मात्र पट्टी हातात घेऊन बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिलो, कारण मोजल्यानंतर मलाही ती मोठीच दिसत होती.

त्यामुळे मी आधी निव्वळ मानसशास्त्र कर, समुपदेशनाची पदविका मागून घेता येईल, असे म्हणतो. पट्टी नीट हाताळता आल्याशिवाय दुसऱ्याच्या रेघेशेजारी बसू नये, असे मला वाटते. ती म्हणते, "काका, पट्टी लावूनही आजीला मोठीच दिसली ना?" यावर मला उत्तर सुचत नाही.

परवा संध्याकाळी शेजारचा शेतकरी ओसरीवर येऊन बसला. बँकेचे पीककर्ज थकलेले, बियाणे उधारीचे. मी सवयीने "होईन सारं ठीक" म्हणून मोकळा झालो. ती काही बोलली नाही. त्याला बोलू दिले आणि मग झोप लागते का, जेवण जाते का, एवढेच विचारले. त्याची रेघ भासाची नव्हती. कर्जाचा आकडा पासबुकावर लिहिलेला होता. तो उठून निघाला तेव्हा तिने मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक एका कागदावर लिहून त्याच्या हाती दिला. मग दिवा लावून ती प्रवेशअर्ज भरायला बसली, आणि विषयाचा रकाना तिने अजून कोराच ठेवला आहे.