होळीनंतर हतरूकडे: मेळघाटातल्या लसीकरण सत्रांना मदतीला जाताना

परतवाडा सोडलं की घाट लागतो. सेमाडोहहून हतरूच्या रस्त्याला वळलं की मोबाइलची रेंज येते-जाते, पुढे जातेच. या भागातल्या कोरकू आदिवासींच्या गावांमध्ये लसीकरण सत्रांना मदत करायला आम्ही काही जण यंदा होळीनंतर गेलो होतो. मी फार्मासिस्ट आहे, सोबत नर्सिंगचे विद्यार्थी होते. लस टोचणं हे आरोग्य सेविकेचं काम, त्याला आपण हात लावायचा नाही, हे निघण्याआधीच पक्कं केलं होतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगीही घेतली होती. ती हातात असल्याशिवाय कोणी जाऊ नये.

होळीनंतरचेच दिवस का निवडले, ते सांगतो. पावसाळी पिकं निघाली, दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात, लेकरांसकट. होळी मात्र कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्याला माणूस गावी येतोच. म्हणजे पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित पेंटाव्हॅलंट लसीचा) दुसरा किंवा तिसरा डोस राहिलेलं बाळ याच दिवसांत हाती लागतं. पण लगेच मोहाचा हंगाम सुरू होतो. बाया पहाटे अंधारात फुलं वेचायला जातात, ऊन चढल्यावर परततात. सकाळी आठला सत्र मांडून बसलात तर अंगणवाडीत फक्त तुम्हीच असाल. आशाताईंना विचारून वेळ ठरवा, त्यांचं घड्याळ बरोबर असतं.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते सत्राच्या आधी, आरोग्य केंद्रातल्या टेबलापाशी. डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक पांढऱ्या दहिवराने माखलेले होते. ते ओळीत मांडून सिस्टर थांबल्या होत्या. बाहेर गाडी सुरू, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि या बाई एकेक पॅक कानाशी धरून हलवतायत. मी म्हटलं, उशीर होतोय. त्या म्हणाल्या, "पाणी वाजू द्या आतलं, मग निघू. नाही तर पेंटा गोठून जाते."

हे वाक्य प्रत्येक मदतनिसाने पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. लस म्हटलं की आपल्याला फक्त उन्हाची भीती वाटते. बर्फ जितका जास्त तितकं चांगलं, असा समज शहरातही आहे. प्रत्यक्षात लस ठेवायची २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) या लसींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं क्षार असतं. लस गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, आणि नंतर वितळली तरी ती लस कामाची राहत नाही. फ्रीजरमधून काढलेला कडक पॅक थेट लस नेण्याच्या पेटीत ठेवला तर त्याला टेकलेली कुपी शून्याखाली जाते. म्हणून पॅकवरचं दहिवर जाऊ द्यायचं, हलवल्यावर पाण्याचा आवाज आला की पुसून चारही बाजूंना एकेक लावायचा. कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मध्ये ठेवायच्या.

कुपीवरची खूण, म्हणजे व्हीव्हीएम, इथे फसवू शकते. जांभळ्या वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, दोन्हींचा रंग एक झाला किंवा चौकोन गडद झाला की बाद. पण ही खूण फक्त उष्णता मोजते. गोठून वाया गेलेल्या लसीवरही चौकोन छान फिकाच दिसतो. त्यामुळे सकाळी पॅक वितळण्यासाठी दिलेला वेळ हाच खरा पहारा. ड्रायव्हरशी आदल्या रात्रीच बोलून ठेवा, म्हणजे सिस्टरवर घाईचं ओझं येत नाही. मदतनिसाने एवढं केलं तरी खूप झालं.

सत्राच्या जागी पेटी सावलीत ठेवायची. झाकण सारखं उघडायचं नाही, पेटीवर बसायचं तर नाहीच (मुलांना ती बसायलाच आणलीय असं वाटतं, तेव्हा एक माणूस तिच्याजवळ हवा). गोवर-रुबेलाची पावडर तिच्यासोबत आलेल्या द्रवातच विरघळवायची, आणि तो द्रवही तितकाच थंड हवा. विरघळवली ती वेळ सिस्टर कुपीवर लिहितात. चार तास झाले की उरलेली लस टाकायची, संध्याकाळी पुढच्या पाड्यावर न्यायची नाही. बीसीजीचंही (क्षयरोगाची लस) तसंच. आणि एकच मूल आलं तरी कुपी फोडायची. एका गावात एकच बाई नऊ महिन्यांचं बाळ घेऊन तासभर चालत आली. सिस्टरने क्षणभरही विचार न करता पाच डोसांची कुपी फोडली. मला ते फार आवडलं. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा कोणती मुलं दगावतात हे राज्याने पाहिलंय. कुपोषित बाळाला गोवर झाला तर काय होतं हे मेळघाटाला वेगळं सांगायला नको.

टेबलावर लसीच्या सामानाशिवाय काहीही ठेवू नका. २०२१ च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं, त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. आमच्याकडे सॅनिटायझरची बाटली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत होती.

लस टोचल्यावर अर्धा तास आई-बाळाला बसवून ठेवणं हे बाहेरच्या माणसाला चांगलं जमणारं काम आहे. याच वेळात आशाताई कोरकूत चार गोष्टी सांगतात: आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. त्यातली त्रासाची गोष्ट इथे जिवाची आहे. पेंटानंतर रात्री ताप येतो, बाळ रडतं, आणि घाबरलेलं घर भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जातं. पोटावर तापल्या लोखंडाचा डंबा (चटका) देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. ताप येणार हे आधीच कळलं, औषध कसं द्यायचं ते दोनदा दाखवलं, तर ती रात्र निभावते. भूमकाला दुखवून काही होत नाही, त्याला सत्राला बोलवा. आम्ही होतो तिथे एक भूमका नातवाला घेऊन आला आणि ओट्यावर बसून राहिला. त्याच्याकडे बघून मागे उभ्या बाया पुढे आल्या.

आता जाण्याचं. मुंबई-पुण्याहून रेल्वेने बडनेरा, अमरावतीहून एसटीने परतवाडा. पेट्रोल आणि रोख पैसे तिथेच भरून घ्या. ऑनलाइन नोंद रेंजमध्ये आल्यावर होईल, आधी कागदावर नीट लिहा: बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, राहिलेला डोस. आदल्या संध्याकाळी आशाताईंसोबत यादी घेऊन घरोघर फिरा. फोटो काढू नका, बिस्किटं वाटू नका. पावसाळ्यात नाले भरले की पाड्यांचा संपर्क तुटतो, तेव्हा बोलावल्याशिवाय जाऊ नये.

दुसरी चांगली वेळ दिवाळीच्या आधीची. माणसं बाहेर पडण्यापूर्वी त्यांचे डोस पुरे करता येतात, कुठे चाललेत ते कार्डावर लिहून देता येतं, आणि कार्ड कपड्यांच्या बोचक्यात सगळ्यात आधी बांधायला सांगता येतं. वीटभट्टीवरच्या सिस्टरला तेच दाखवायचं असतं.