नॅशनल पार्क: आधी कान्हेरी, मग बाकीचं सगळं

मुलांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कला जाणाऱ्या बहुतेक मंडळींचा दिवस गेटच्या आसपासच संपतो. होडी, सफारी, बाग, डबा, झालं. त्यात वाईट काही नाही. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, टेकडीवर कोरलेली शंभरावर लेणी आणि मुंबईला पाणी देणारे दोन तलाव, एवढं सगळं लोकलच्या तिकिटात हाताशी असताना गेटवरूनच परत फिरणं मला पटत नाही. म्हणून डिसेंबरात गेलो तेव्हा क्रम उलटा केला. सोबत आई, बायको, आमची लेक आणि बहिणीची दोन मुलं.

जायचं कसं, हे पटकन सांगतो. पश्चिम रेल्वेचं बोरिवली स्टेशन, पूर्वेला बाहेर पडायचं. रिक्षा मिळते, चालत पंधरा-वीस मिनिटं. गेट हायवेलाच लागून आहे. स्वतःची गाडी शक्यतो आणूच नका. सुट्टीच्या दिवशी गेटवरच्या रांगेत सकाळचा गारवा संपून जातो. सोमवारी उद्यान बंद असतं, हे माहीत नसल्याने बरीच मंडळी गेटवरून परत जातात. प्रवेशाचं तिकीट गेटवर मिळतं. कान्हेरीचं वेगळं, कारण लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आत मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा थोडे सुटे पैसे खिशात असू द्या. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून आणा, स्टीलच्या असल्या तर उत्तम. तिथे फेकलेलं प्लास्टिक चितळांच्या पोटात जातं.

गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. रस्ता डांबरी आहे. चालत जा, भाड्याची सायकल घ्या किंवा बसने जा. आई, बायको आणि लहान मुलं बसने गेली, लेक आणि मी चालत निघालो. थंडीत, उन्हं चढायच्या आत हा रस्ता चालण्यात जे सुख आहे ते बसच्या खिडकीत नाही. दोन्ही बाजूंना साग, ऐन, कळंब, मधेच बांबूची बेटं. उतारावर कारवी दिसत होती. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस फुलली होती आणि आता नुसती बोंडं वाळत होती. पुढचा बहर २०३२ मध्ये. तोवर लेक कॉलेजात गेलेली असेल, असं तिला म्हटलं तर तिने लगेच बोटांवर हिशेब करून खात्री केली.

वाटेत दहिसर नदी भेटते. ही तुळशी तलावाकडून निघते आणि पुढे बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून खाडीला मिळते. वस्तीतली तिची दशा ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी इथे काठावर जरा थांबावं. दगडांवरून वाहणारं पाणी इतकं नितळ असतं की तळाची वाळू दिसते. तुळशी तलाव १८७९ चा, विहार तलाव त्याच्याही आधीचा, १८६० चा. ही जागा शहराच्या किती उपयोगाची आहे, ते मुलांना सांगायचं तर नदीकाठासारखं ठिकाण नाही.

चालणाऱ्यांनी रस्ता सोडून झाडीत शिरायचं नाही. या जंगलात बिबटे आहेत, चांगले पन्नासच्या घरात. दिवसा ते माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. तरी लहान मुलांना मागे रेंगाळू देऊ नका आणि अंधार पडायच्या खूप आधी परतीला लागा. पाड्यांवरचे लोक त्यांच्याच शेजारात राहतात आणि सूर्य मावळल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडत नाहीत. त्यांचा शिरस्ता आपणही पाळावा.

कान्हेरीच्या पायथ्याशी पाड्यावरच्या बायका काकड्या, आवळे, चिंचा घेऊन बसतात. एका मावशींनी काकडी चिरून मीठ-तिखट लावून दिली आणि बजावलं, ‘‘इथंच खाऊन घ्या दादा, वर घेऊन नका जाऊ. माकडं बसल्यात.’’ हा सल्ला शब्दशः पाळा. वर एका पोराच्या हातातलं वेफर्सचं पाकीट माकडाने असं उचललं की त्याला रडायलाही उशीर झाला. खाऊ पिशवीत, पिशवी पाठीवर, चेन बंद. हातात काही धरायचं नाही.

लेणी कोरायला सुरुवात झाली इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास आणि पुढे हजारेक वर्षं इथे राबता होता. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं तेव्हा भरात होती. तिथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख भिंतींवर आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे मोठं चैत्यगृह, बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनास्थळ, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. आत ३४ खांब, टोकाला स्तूप, ओसरीत दोन्ही अंगांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती. तिथवर पायऱ्या फार नाहीत. आईचे गुडघे दुखतात, तरी तीही निवांत चढली आणि ओसरीत बसून राहिली. ज्येष्ठांना इथवरच आणा. जे पाहायलाच हवं ते त्यांचं पाहून होतं.

बाकीच्यांनी मात्र इथून मागे फिरू नये. खरी कान्हेरी वर आहे. खडकातच पायऱ्या खोदल्या आहेत, त्या धरून चढत राहायचं. वर एकामागून एक विहार लागतात. प्रत्येकाला लहानशी ओसरी, आत भिक्षूला झोपायला दगडी ओटा आणि दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. बहिणीच्या धाकट्याला या पोढ्यांचंच वेड लागलं. खडकाच्या उघड्या पाठीवर बोटभर रुंदीची चर खोदलेली होती. त्याने त्यात बोट घातलं आणि ओणवा होऊन ते सरकवत खाली आला. चर एका ठिकाणी वळली, दुसरीला मिळाली आणि थेट एका चौकोनी तोंडाच्या पोढीवर येऊन थांबली. आत पाणी होतं, हिरवट आणि गार. डोंगरावर पडलेला पाऊस असा वळवून, साठवून इथली वस्ती वर्षभर भागवत होती. शाळेच्या पुस्तकातला जलसंधारणाचा धडा त्याला यापुढे निराळा समजवावा लागणार नाही. पोढ्यांना कठडे नाहीत, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

वेळ असेल तर ३४ व्या लेण्याच्या छतावरचं जुनं चित्र आणि ९० व्या लेण्यातले पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख जरूर पाहा. अकराव्या शतकात इथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं तिथे कोरली आहेत. (आज कोणी असं काही करू नये, हे मुलांना त्याच ठिकाणी सांगावं.) माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी घुमट आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ दिसते. आम्हाला दिसली. वर सावली कमी आहे, म्हणून अकराच्या आत माथा गाठावा. बूट खडकावर न घसरणारे हवेत. पावसाळ्यात धबधबे अप्रतिम असतात, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि ओढा बघता बघता फुगतो. लहान मुलांना घेऊन भर पावसात मी इथे येणार नाही.

दुपारी बसने खाली आलो. डबा खाल्ला, मुलं होडीत बसली. पायडल मारायच्या साध्या होड्या आहेत, त्यांना तेवढंच पुरतं. सफारीची जाळीची बस वाघ-सिंहांच्या वेगवेगळ्या कुंपणांतून फिरवते. सुट्टीच्या दिवशी रांग लांब असते आणि फेरी लवकर संपते. पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना जरूर न्या, पण सकाळचा वेळ त्यावर घालवू नका. वनराणीचं, म्हणजे छोट्या आगगाडीचं, वचन मुलांना देण्याआधी ती चालू आहे का ते विचारा. २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांचं नुकसान झालं होतं आणि ती दीर्घकाळ बंद होती. गांधी टेकडीवर मात्र कोणीही सहज चढू शकतं, आणि तिथे गर्दीही कमी असते.

ज्यांना खरी पायवाट हवी त्यांच्यासाठी शिलोंड्याची वाट आहे, ओढ्याच्या कडेने जाणारी. तिथे आपलं आपण जायचं नाही. निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी काढून, वाटाड्यासोबतच जायचं. सोबत जाणकार असला की कोळ्याचं जाळं, पाखराची शीळ, भेकराचा भुंकल्यासारखा आवाज यांतलं काही सुटत नाही. मोठी मुलं असतील तर कान्हेरी आणि शिलोंडा एका दिवशी करू नका, दोन वेगळ्या सकाळी ठेवा. शिलोंड्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस आणि काटेसावर फुललेले सापडतील.