तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराचा कॅन्सर बरा होतो, मग माणसाचा का नाही?

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, मी कॅन्सरच्या लॅबमध्ये होते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. आधी हसून विषय बदलायचे. पण परवा मावसबहिणीने समोर बसून विचारलं, "पेपरात सारखं येतं उंदीर बरे झाले, मग आईचं असं का झालं गं?" म्हणून सांगते.

मुळात बहुतेक पेशंट जातात ते पहिल्या गाठीने नव्हे, कॅन्सर पसरल्यामुळे. पेशीने गाठीतून सुटायचं, रक्तात शिरायचं, तिथे तग धरायचा, बाहेर पडायचं आणि मग परक्या अवयवात बस्तान बसवायचं, हा एवढा प्रवास एका प्रयोगात धड दिसत नाही, म्हणून आम्ही त्याचे तुकडे करून बघतो.

सगळ्यात स्वस्त तुकडा म्हणजे ओरखडा. डिशमध्ये पेशींचा थर भरला की पिपेटच्या पिवळ्या टिपने मधोमध रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी फट किती बुजली ते बघायचं. फोटो झकास येतात, पण पेशी सरकल्या की नुसत्या वाढल्या हे त्यातून कळत नाही, त्यासाठी सिरम (पेशींना वाढवणारं खाद्य) कमी करणं वगैरे उद्योग वेगळे. मग ट्रान्सवेल, म्हणजे 8 मायक्रॉनच्या भोकांचा पडदा, त्यावर मॅट्रिजेलचा थर (शरीरात पेशींभोवती असणाऱ्या जाळीची नक्कल करणारं जेल), तो पोखरून पेशी खाली येते का बघायचं. हे मॅट्रिजेल उंदराच्याच एका ट्यूमरपासून काढतात, महाग असतं, आणि जेलीच्या अगदी उलट, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट. पहिल्याच आठवड्यात मी टिपा बर्फात ठेवायला विसरले, अर्धं जेल टिपेतच बसलं, सर काही बोलले नाहीत पण त्यांची नजर अजून आठवते.

आता उंदीर. बी-16 नावाच्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, पेशी शेपटीच्या शिरेत सोडायच्या (शेपूट आधी शेकायची, म्हणजे शीर फुगते, तरी माझी सुई चुकायचीच). दोन-तीन आठवड्यांनी फुप्फुस काढलं की गुलाबी फुप्फुसावर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके, ते मोजत बसायचं. कॅन्सर कसा पसरतो यावर काम करणाऱ्या आयझेया फिडलर यांनी हेच ठिपके पुन्हा वाढवून पुन्हा शिरेत, असं दहा वेळा करून बी-16-एफ-10 हा पक्का पसरणारा वाण काढला. त्याआधी 1970 मध्ये त्यांनी दाखवलं होतं की शिरेत सोडलेल्या पेशींपैकी 0.1 टक्क्याहूनही कमी पेशींच्या गाठी होतात, बाकीच्या वाटेतच मरतात.

पण यात आम्ही पेशीला सरळ रक्तात सोडलं, म्हणजे प्रवासाचा पहिला अर्धा भाग फुकट पार! शिवाय शेपटीतून निघालं की पहिली चाळणी फुप्फुसाचीच, त्यामुळे तिथेच अडकणार, त्यात पेशीची निवड कुठे आली. त्यापेक्षा मला 4टी1 आवडायच्या. या उंदराच्याच ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी, स्तनात टोचल्या की आपल्या आपण फुप्फुसात, लिव्हरमध्ये, हाडात जातात. माणसाच्या पेशी टोचायच्या तर उंदीर प्रतिकारशक्ती लंगडी असलेला लागतो, आणि मग इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारा उपचार, त्यात तपासणार कशी?

पण सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. आमचं सगळं काही आठवड्यांत उरकतं, उंदीर जगून जगून दोन-एक वर्षं जगतो. मावशीचं स्तनाचं ऑपरेशन झालं, नऊ वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि मग पाठ दुखायला लागली ती मणक्यातल्या गाठींमुळे.

"मग नऊ वर्षं त्या पेशी होत्या कुठे?" बहिणीने विचारलं.

बहुतेक हाडाच्या मज्जेत झोपून, म्हटलं. झोपलेल्या पेशींची मॉडेल्स आहेत थोडी. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबच्या टीमने उंदराच्या फुप्फुसात निपचित पडलेल्या पेशी तंबाखूच्या धुराने जाग्या होतात हे दाखवलं. धुरामुळे फुप्फुसाला सूज येते, तिथे न्यूट्रोफिल्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, जमतात, ते आपल्या डीएनएची जाळी फेकतात आणि त्या गडबडीत या उठतात.

"पण आईने तर कधी सिगरेट ओढली नाही," ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. आणि तो प्रयोगही आठवड्या-महिन्यांचाच.