मालदीवची लिव्हअबोर्ड: आधी छतातली झडप बघा, मग मांटा

बोटीवर चढताक्षणी चपला काढून घेतल्या. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा सोळा जणांच्या चपला एका टोपलीत गेल्या आणि पुढचे सात दिवस आम्ही अनवाणी. लिव्हअबोर्ड म्हणजे जिच्यावर राहून रोज स्कूबा डाइव्ह करायच्या अशी बोट. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. हुलहुमालेहून निघून वावू, मग दक्षिण आणि उत्तर आरी, शेवटी रसधू ही अटोलं (प्रवाळबेटांची कडी) करून परत, असा मार्ग.

आमची केबिन खालच्या डेकवर. बाहेर पडायला एक दार आणि पलंगाच्या डोक्यावर छतात एक चौकोनी झडप. नवऱ्याने सहज खिटी फिरवून ती ढकलली, तर चार बोटं उचलली जाऊन अडकली. वर जाऊन बघतो तर झडपेवर उन्हात पडायची गादी आणि दोरखंडाचं भलंमोठं वेटोळं. क्रूने लगेच हलवलं, पण तिसऱ्या दिवशी दोर परत तिथेच! तेव्हापासून सकाळचा चहा घ्यायच्या आधी मी डेकवर एक चक्कर मारायची. नवऱ्याने ‘आल्या इन्स्पेक्टरबाई’ म्हणून भरपूर चिडवलं. चिडवू दे.

हा वेडेपणा उगाच नाही. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटापाशी ‘कन्सेप्शन’ नावाची डाइव्ह बोट जळाली आणि खाली झोपलेले सगळे, म्हणजे ३४ जण, गेले. खालून वर यायच्या दोन्ही वाटा एकाच दिवाणखान्यात उघडत होत्या आणि तिथे आग पसरलेली होती. रात्री फिरून पहारा द्यायला कोणी जागं नव्हतं. पाण्याखाली काय होईल याची आपण इतकी तयारी करतो, आणि बोटीवर दार कुठे आहे हेही बघत नाही.

म्हणून पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा: रात्रभर पहाऱ्याला कोण असतं, आणि टॉर्च-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? ‘केबिनमध्ये लावा की’ असं उत्तर आलं, तर झोपेत बॅटरी पेटली म्हणजे काय, या विचाराने मी ती बोट घेणार नाही. आमच्या बोटीवर वरच्या डेकला चार्जिंगचं वेगळं टेबल होतं आणि रात्री दहानंतर त्याची वीज बंद. पहिल्या संध्याकाळी लाइफ जॅकेट घालून जमायची कवायत झाली नाही, तर स्वतःहून मागा.

आता पाण्यातलं. डाइव्ह मोठ्या बोटीवरून होत नाहीत. सोबत धोनी, म्हणजे तिथली छोटी बोट असते, सिलिंडर आणि कॉम्प्रेसर तिच्यावर. साडेपाचला घंटा, ब्रीफिंग, पाण्यात, नाश्ता, पुन्हा पाण्यात. नाश्त्याला मास हुनी मिळायची: टूना, खोबरं, कांदा, मिरची. पहिला घास घेतला आणि आपली सुक्या मासळीची, खोबऱ्यातली किसमूर आठवली.

पहिली चेक डाइव्ह, म्हणजे सामान तपासून बघायची, नुसती औपचारिकता समजू नका. नव्या वेटसूटमुळे मला बुडायला लावायचं शिशाचं वजन दोन किलो कमी पडलं आणि मी बुचासारखी वरच. हे उथळ शांत पाण्यात कळलं म्हणून बरं. मालदीवमध्ये ३० मीटरच्या खाली जायचं नाही आणि डीकोत शिरायचं नाही (म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकं खाली राहायचं नाही), हा तिथला नियमच आहे. त्याला कारणही आहे. रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हिंगमधल्या नायट्रोजनच्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली, बंदोस, कुरामथी अशा मोजक्याच ठिकाणी, आणि आपण असतो समुद्रातल्या कुठल्या तरी खिंडीच्या तोंडाशी, तासन्‌तास लांब. रोज तीन-चार डाइव्ह केल्या की अंगात नायट्रोजन साठत जातो, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर हवाच. बडीच्या, म्हणजे जोडीने उतरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर दोघांचं चालत नाही. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) घेणार असाल तर सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजा. ३२ टक्के लिहिलंय म्हणून ३२ असेलच असं नाही.

कंदू म्हणजे अटोलच्या कड्यातली खिंड. समुद्र तिच्यातून आत-बाहेर करतो आणि त्या प्रवाहावर शार्क येतात. वावूच्या अशाच एका खिंडीत, कड्याला रीफ हुक (प्रवाहात टिकून राहायचा दोरीचा आकडा) लावून शार्क बघता बघता, माझा हुक सुटला. दोन किका मारेपर्यंत नवरा दिसेनासा झाला. नियम सरळ: एक मिनिट शोधायचं, नाही तर वर. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना थोडं थांबतो तिथे, एसएमबी (बोटीला आपण दिसावं म्हणून वर सोडायचा फुगा) सोडायला घेतला तर रीलची दोरी गुंतलेली, कारण घरी गच्चीवर नीट गुंडाळली नव्हती. चूक शंभर टक्के माझी. फुगा उभा राहिल्यावर धोनी दहाएक मिनिटांत आली. लाटांमध्ये नुसतं डोकं दिसत नाही, नारिंगी फुगा दिसतो. भाड्याचा घेऊ नका, स्वतःचा घ्या आणि आधी चार वेळा सोडून बघा.

पैसे वसूल झाले का? माणशी १,६०० डॉलरमध्ये जेवणखाणासकट १७ डाइव्ह. वर ग्रीन टॅक्स (२०२५ पासून दिवसाला १२ डॉलर), इंधन अधिभार, नायट्रॉक्स, टिप मिळून आणखी तीनशेच्या घरात गेले. त्याआधी धिगुरा बेटावर राहून डाइव्ह केल्या होत्या, एकीचे ६५ डॉलर. हिशेबाला फार फरक नाही, पण बेटावरून रोज त्याच त्या जागा. बोट मात्र रात्री अलिमथाच्या जेटीखाली नर्स शार्कच्या घोळक्यात सोडते, आणि दोन-तीन दिवसांनी माया थिला या पाण्याखालच्या टेकडीवर. मालवणला पाच-सहा मीटर दिसलं की खूश होणारे आपण. इथे पंचवीस मीटरवरचा मांटा, तो पंखांसारख्या कल्ल्यांचा मोठा मासा, दिसतो.

पण चाळीस-पन्नास डाइव्ह झाल्या नसतील आणि प्रवाहात कधी उतरला नसाल, तर एक वर्ष थांबा. नुकतंच ओपन वॉटर (डाइव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स) केलेला एक मुलगा आमच्यासोबत होता. गाइडने त्याला निम्म्या डाइव्ह करूच दिल्या नाहीत. पैसे पूर्ण गेले. आणि डाइव्ह न करणाऱ्या जोडीदाराला ओढून नेऊ नका, सात दिवस ते माणूस डेकवर करेल काय?

विमा डाइव्हिंगचा वेगळा काढा, साध्या प्रवास विम्यात ते बऱ्याचदा नसतं. कडक सूटकेस नको, केबिनमध्ये ठेवायला जागा नसते. दारू नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळी, विमान शनिवारी दुपारी. अनेक डाइव्ह केल्यावर उडायच्या आधी किमान १८ तास लागतात. आमच्या बोटीने २४ धरले होते. तो दिवस सूट वाळवण्यात घालवा. आमचे नीट वाळले नाहीत आणि काउंटरवर चार किलो जास्त भरले.