आमची वाटचाल : ताडपत्रीचं दुकान ते स्पितीच्या बॅगा

आमच्या आण्णांचं दुकान ट्रकच्या ताडपत्रीचं. कोल्हापुरात गुळाचे ट्रक भरायचे आणि गुळाला पावसाचा एक थेंब चालत नाही, लगेच पाणी सुटतं, त्यामुळे ताडपत्री शिवायची ती अशी शिवायची की घाटात रात्रभर पाऊस लागला तरी आत ओल येता कामा नये. मी लहानपणापासून तेच बघितलं. त्यातनं पुढं बाईकच्या बॅगा निघतील असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

२०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन ही बाईक आली आणि आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना लडाख आणि हिमाचलातल्या स्पितीचे वेध लागले. त्याआधी लांब जायचं म्हणजे बुलेट नाहीतर घरात असेल ती गाडी. मीही हिमालयन घेतली आणि उद्यमनगरात ओळखीच्या फॅब्रिकेटरकडं उभं राहून अॅल्युमिनियमचे दोन मोठे बॉक्स आणि ते गाडीला अडकवायचं लोखंडी स्टँड स्वतः डिझाईन करून बनवून घेतलं. दिसायला एकदम जबरदस्त. लोकांनी बघितलं, ऑर्डरी आल्या, दहा-बारा सेट विकले पण. आमच्या धंद्याची खरी सुरुवात ती, आणि ती चुकीच्या मालापासून झाली हे आज स्पष्ट लिहितो.

२०१७ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं शिमल्याकडनं शिरलो, किन्नौर, नाको, ताबो करत काझाला पोचलो, तिथपर्यंत सगळं बरं होतं. लोसर सोडून कुंझुम खिंडीचा चढ लागला, रस्ता म्हणजे नुसते दगड, आणि माझ्या बॉक्सच्या स्टँडचं एक वेल्डिंग सुटलं. बॉक्स लोंबकळला, गाडीचा तोल गेला आणि पडताना माझा पाय बॉक्सच्या खाली सापडला. हाड वाचलं ते फक्त बुटामुळं. साडेचार हजार मीटरच्या वर, दम लागतोय, गाडी स्वतःचीच १८० किलोच्या वर आणि तिच्यावर माझं ३८ किलो सामान, दोघांना मिळून ती उभी करायला तीन वेळा ट्राय करावा लागला. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट बसली की ही गाडी मला एकट्याला उचलता आली नाही तर ती माझ्या कामाची नाही, मग ती कितीही भारी असू दे.

परत आल्यावर विकलेले सगळे सेट मी फोन करून परत मागवले, ज्यांनी दिले त्यांना पैसे दिले. आण्णा म्हणाले, "बॉक्स कशाला बनवतोस, तुझ्या घरात ताडपत्री शिवायचं ज्ञान आहे ते वापर की." तिथनं बॅगा सुरू झाल्या.

पहिल्या बॅगा साध्या शिवलेल्या होत्या, जुलैत गगनबावड्याला घेऊन गेलो आणि भुईबावडा घाटात उतरेपर्यंत आत पाणी. कापडातनं नाही, सुईच्या भोकातनं. ट्रकवर ताडपत्री उतरती असते त्यामुळे पाणी वाहून जातं, बॅगेच्या तळाला पाणी थांबतं, चाक खालनं चिखल मारतं, हा फरक आमच्या लक्षातच आला नव्हता. मग गरम हवेच्या गननं जोड चिकटवायचं शिकलो आणि तोंडाला चेन काढून गुंडाळायचं तोंड केलं, कमीत कमी तीन वेढे मारून बकल लावायचं. दोन वेढ्यात पाणी शिरतं, हे प्रत्येक गिऱ्हाईकाला आजही हातानं करून दाखवतो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला, पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं, मशिनी आणि कापडाचे रोल गेले. त्यावर जास्त लिहवत नाही. शिलाईच्या मावश्या, कारागीर, सगळे आठ दिवस चिखल काढत होते, त्यांच्यामुळं आज दुकान आहे.

थंडीनं वेगळा धडा दिला. आमचं पीव्हीसीचं कापड कोल्हापूरच्या पावसात झकास चालायचं पण एक गिऱ्हाईक ऑक्टोबरच्या शेवटी काझाला गेला, रात्रीच्या थंडीत ते पुठ्ठ्यासारखं कडक झालं आणि घडीवर चिरलं. आता घडीच्या जागी टीपीयूचं (एक लवचिक प्लास्टिक) कापड वापरतो, महाग पडतं पण थंडीत मऊ राहतं. दुसऱ्या एकाची बॅग उजव्या बाजूला सायलेन्सरला लागून वितळली. सायलेन्सर वर उचललेला असतो त्या गाड्यांना तिथं उष्णता अडवणारी प्लेट आणि चार बोटांचं अंतर लागतं, हे आम्ही आधी सांगायला पाहिजे होतं, बॅग फुकट बदलून दिली. आतलं कापड पिवळं ठेवतो, कारण काळ्या बॅगेत संध्याकाळी औषधाची पुडी सापडत नाही.

आता लोक विचारतात गाडी कुठली घेऊ. आम्ही गाड्या विकत नाही त्यामुळे मोकळेपणानं सांगतो. हिरोची एक्सपल्स २०० (२०१९ ला आली) १५५ किलोच्या आसपास, पुढं २१ मागं १८ इंची चाक, दगडधोंड्यात तिच्यासारखी सोपी गाडी या किमतीत मला माहीत नाही, पण कोल्हापूर ते शिमला हायवेनं जाताना तिचा दम कमी पडतो, दिवस वाढवून धरा. नवी ४५० हिमालयन ताकदीला आणि हायवेला खूप पुढची, १७ लिटरची टाकी, पण १९६ किलो. केटीएम ३९० अॅडव्हेंचर चालवायला मस्त, फक्त तिच्या जुन्या, २०२५ आधीच्या मॉडेलची सीट ८५५ मिमी उंच, साडेपाच फुटाच्या माणसाला वाळूत पाय टेकत नाही आणि तिथंच गाडी पडते. टाकीचं गणित पण करा, मनाली-लेह रस्त्यावरच्या तांडीच्या पंपावर वर्षानुवर्षं पाटी होती की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर.

आमच्या दुकानासमोर एक जुनी गादी पडलेली असते, तिच्यावर आम्ही तुमचीच गाडी आडवी करतो, बॅगा लावून. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, गाडी गियरमध्ये, पाठ सीटला लावायची आणि कंबरेनं नाही तर पायानं मागं रेटत उभं राहायचं. उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा नाहीतर पलीकडं कोसळते. ज्याला दोनदा उचलता येत नाही त्याला मी सामान कमी करायला सांगतो, मोठी बॅग विकत नाही. यात आमचा गल्ला कमी होतो पण दुसरं काही सांगणं मला जमणार नाही.

बाकी अंगावरच्या आणि सोबतच्या सामानाचं थोडक्यात. बुटावर पैसे आधी घाला, घोट्याच्या वर जाणारे पाहिजेत, जॅकेट नंतर. पावसाचा कोट जॅकेटच्या वरनं घालायचा वेगळा घ्या, आतलं अस्तर वापरलं तर जॅकेट भिजून दोन दिवस वाळत नाही. २१ इंची एक ट्यूब जवळ असू द्या, वेळ पडली तर मागच्या १८ इंची चाकात पण तात्पुरती बसते. हत्यारं आणि जड वस्तू बॅगेत खाली आणि पुढं, वजन मागच्या ॲक्सलच्या मागं गेलं की चढाला पुढचं चाक हलकं होतं. आणि बर्फ वितळून येणारे नाले सकाळी ओलांडा, दुपारनंतर पाणी चढतं.

आज आम्ही सहा जण आहोत, त्यात दोन मावश्या आण्णांच्या वेळच्या, त्यांच्या हातची शिलाई मी अजून तपासत नाही. मार्च ते मे मध्ये कामाची रांग असते, त्यामुळे जूनला निघायचं असेल तर फेब्रुवारीतच या, आणि येताना नेणार ते सगळं सामान एका पोत्यात भरून आणा, दारातच ताणकाटा टांगलेला आहे, आधी वजन करू मग बॅगेचं माप घेऊ.